दूरस्थ डेस्कटॉप : एका दरवाजाचा इतिहास

१/९
बावन्न दरवाजांचे शहर ही छत्रपती संभाजीनगरची जुनी ओळख. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास, शहराभोवती तट उभा राहिला. तटाला दरवाजा ठेवला की पहाराही ठेवावा लागतो. आज येथील अनेक घरांत तसाच एक अदृश्य दरवाजा आहे : एका खोलीतील संगणक दुसऱ्या खोलीतून चालवण्याची सोय. हा धागा तिच्या इतिहासाविषयी.

२/९
ही कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. सप्टेंबर १९४० मध्ये गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयात टेलिप्रिंटरवर गणिते टंकित केली. ती सोडवणारे यंत्र न्यूयॉर्कमध्ये होते. प्रश्न आणि उत्तरे टेलिफोनच्या तारेवरून गेली आणि आली.

३/९
भारतात हे चित्र ऐंशीच्या दशकात दिसले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे उभारले. जिल्हा मुख्यालयांत छोट्या तबकड्या बसल्या आणि तेव्हाचे औरंगाबाद मोठ्या केंद्रांतील संगणकांशी जोडले गेले. संगणक दुर्मीळ होता. म्हणून माणसाऐवजी माहितीने प्रवास करायचा, हा त्यामागील विचार.

४/९
तोवर दुरून येत-जात होती ती मुख्यतः अक्षरे. चित्रे, खिडक्या आणि माऊसचा बाण पाठवण्याची वाट १९८४ मध्ये एमआयटीत जन्मलेल्या ‘एक्स विंडो’ प्रणालीने रुंद केली. कार्यक्रम एका यंत्रावर चाले आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उघडे.

५/९
नव्वदच्या दशकात केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या संशोधनशाळेत ‘व्हीएनसी’ तयार झाले. तत्त्व साधे : पडद्याचा जेवढा भाग बदलला, तेवढाच चौकोन पलीकडे पाठवायचा, कळ आणि माऊसच्या हालचाली अलीकडे आणायच्या. त्याचा मूळ आज्ञासंच सर्वांना खुला झाल्याने हे तंत्र निरनिराळ्या प्रणालींवर पोहोचले.

६/९
मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये ‘आरडीपी’ ही पद्धत सर्व्हरसाठी आणली. २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये ती वैयक्तिक संगणकावर आली. होम आवृत्तीला मात्र यजमान होता येत नसे. हा भेद आजच्या विंडोजमध्येही आहे. म्हणून होम आवृत्ती वापरणारे सहसा व्हीएनसी किंवा अन्य साधनाकडे वळतात.

७/९
घरात हे शक्य होते ते खासगी पत्त्यांमुळे. १९९६ च्या मानकाने ‘१९२.१६८’ने सुरू होणारे पत्ते अशा अंतर्गत जाळ्यांसाठी राखून ठेवले. यजमान संगणकावर दूरस्थ डेस्कटॉपची परवानगी द्यायची, खात्याला भक्कम पासवर्ड ठेवायचा, राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करायचा आणि संगणक निद्रावस्थेत जाणार नाही हे पाहायचे. मग दुसऱ्या खोलीतून तो पत्ता टाकला की पडदा समोर येतो. येथे राउटर हाच तट.

८/९
धोका सुरू होतो तो हा तट भेदला की. घराबाहेरूनही सोय व्हावी म्हणून अनेकजण राउटरमध्ये आरडीपीचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडतात. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ ही त्रुटी उघड झाली : जुन्या विंडोजमध्ये पासवर्डविनाच शिरकाव शक्य होता. प्रसंग इतका गंभीर, की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली, घरून काम वाढले आणि उघड्या पोर्टवर पासवर्ड अजमावणारे हल्लेही वाढले.

९/९
घराबाहेरून खरोखर गरज असेल, तर आधी व्हीपीएनने घरच्या जाळ्यात शिरावे आणि मगच संगणकाला हाक द्यावी. निकनेटच्या काळात संगणक थोडे होते आणि त्यांच्या राखणीला स्वतंत्र संस्था होती. आज संगणक घराघरांत आहे; म्हणून पहारेकऱ्याचे कामही घरमालकाकडेच आले आहे. राउटरच्या यादीत न वापरलेले पोर्ट उघडे दिसले, तर ते आजच बंद करावे.