मोजणी कुणाची, हिशेब कुणाचा? : उपयुक्ततावाद आणि खानदेश

आजचा विषय नीतिशास्त्राच्या पुस्तकातला आहे : उपयुक्ततावाद आणि त्याच्यावरचे आक्षेप. पण सुरुवात मी पुस्तकापासून करणार नाही, सावद्यापासून करतो.

साल १८५२. खानदेशात इंग्रजांचा अंमल येऊन चौतीस वर्षं झाली होती. सरकारने जमिनीची नवी मोजणी काढली. प्रत्येक शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची आणि त्यावरून सारा बांधायचा. सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल या पट्ट्यात शेतकरी हजारोंनी जमले आणि त्यांनी मोजणी अडवली. शेवटी फौज आणावी लागली. फैजपूरकडे धरपकड झाली, आणि पुढे मोजणी झालीच.

लोकांना धास्ती होती की सारा वाढणार. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की, अरे, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. शास्त्रशुद्ध मोजणी झाली की कुणावर जास्त नाही, कुणावर कमी नाही. यात खोटं कोण बोलत होतं? माझ्या मते कुणीच नाही. दोघांच्या मध्ये एक प्रश्न पडून राहिला होता : लोकांचं भलं कशात आहे हे मोजायचं कुणी? हा प्रश्न आज तासभर आपल्याला पुरणार आहे.

आता थोडं लंडनला जाऊ. तिथे जाण्याचं कारण आहे, कारण आपल्या साऱ्याचे कागद तिथेच वाचले जात होते. जेरेमी बेंथमचा नीतीवरचा मुख्य ग्रंथ १७८९ चा. त्याचा मित्र आणि शिष्य जेम्स मिल १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला लागला. त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल १८२३ मध्ये त्याच कचेरीत आला आणि १८५८ पर्यंत तिथेच होता. म्हणजे सावद्याला मोजणी अडवली जात होती, तेव्हा उपयुक्ततावादाचा सगळ्यात मोठा भाष्यकार कंपनीचा पगार घेत होता. सावद्याचा दंगा बेंथममुळे झाला असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं चूक ठरेल. पण राज्यकारभार म्हणजे मोजमाप, आणि योग्य मोजमापातून लोककल्याण, ही हवा त्या काळात होती.

तिचा एक नमुना पुणे जिल्ह्यातला. प्रिंगल नावाचा अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात शिकून आला होता, जिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवायचा. त्याने ठरवलं की पिकातून खर्च वजा करायचा, जे निव्वळ उरेल त्याच्या ५५ टक्के सारा घ्यायचा. कागदावर याच्याइतकं न्याय्य काही नाही. १८३० साली इंदापूर तालुक्यात हे लागू झालं आणि रयत गावं सोडून निजामाच्या मुलखात जाऊ लागली. निव्वळ उत्पन्नाचा आकडाच चुकला होता. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ते गणित सोडून व्यवहाराला धरून नवी पद्धत बसवली. तीच पद्धत खानदेशात आली.

मग हा उपयुक्ततावाद म्हणतो तरी काय? तीन गोष्टी. एक, कृत्य बरं की वाईट हे त्याच्या परिणामावरून ठरवा. दोन, परिणाम म्हणजे सुख आणि दुःख. तीन, सगळ्यांच्या सुखदुःखाची बेरीज करा, आणि बेरीज करताना प्रत्येक माणूस एकच धरा. राजा एक आणि सालदारही एक.

ही तिसरी गोष्ट घाईने सोडून देऊ नका. आपल्याकडे या वादाला चटकन ‘पाश्चात्त्यांचा सुखवाद’ म्हणून बाजूला सारतात. पण ज्या समाजात ब्राह्मणाचं दुःख आणि भिल्लाचं दुःख एका तराजूत कुणी टाकतच नव्हतं, तिथे ‘प्रत्येकी एक’ ही भाषा स्फोटक होती. गोपाळ गणेश आगरकरांना मिल आणि स्पेन्सर का जवळचे वाटले? १८८८ साली ‘सुधारक’ काढून आगरकर बालविवाहावर, विधवांच्या केशवपनावर तुटून पडले. रूढी जुनी आहे हे त्यांना पुरेसं नव्हतं. त्या रूढीपायी कोण रडतंय, हे ते विचारत होते. हा प्रश्न विचारायचं बळ या विचारातून आलं, हे ऋण मान्य करूनच आपण आक्षेपांकडे जायला हवं.

आक्षेप मी तीन घेतो.

पहिला टिळकांचा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आलं. त्यात या वादाची ‘आधिभौतिक सुखवाद’ म्हणून सविस्तर तपासणी आहे. टिळक विचारतात, कौरवांची सेना अकरा अक्षौहिणी आणि पांडवांची सात. मग नुसत्या संख्येवरून पांडवांचा पक्ष अन्यायाचा ठरवायचा का? आणखी एक उदाहरण ते अमेरिकेतलं देतात. एका शहरात ट्राम सुरू करायची होती. परवानगीला उशीर लागत होता, म्हणून मालकाने अधिकाऱ्याला लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, आणि तरीही पुढे खटला होऊन शिक्षा झाली. सोय सगळ्यांची झाली, मग गुन्हा कुठला? टिळकांचं उत्तर असं की नुसता बाहेरचा परिणाम पाहून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते.

उपयुक्ततावादी याला उत्तर देतो, आणि ते उत्तर दुबळं नाही. तो म्हणेल, ती एक लाच मोजू नका, लाचेची चाल मोजा. प्रत्येक जण असं करू लागला तर शहराचं काय होईल? म्हणून ‘लाच देऊ नये’ हा नियमच जास्त सुखाचा. स्वतः मिलने न्यायाचं समर्थन बरंचसं याच वाटेने केलं आहे.

दुसरा आक्षेप मोजण्याचाच. सुख शेरात मोजायचं की गुंठ्यात? इंदापूरला निव्वळ उत्पन्नाचा आकडासुद्धा धड काढता आला नाही, आणि ते तर धान्य होतं, डोळ्यांना दिसणारं. मिलने सुखात वरचं आणि खालचं असा फरक केला. पण त्याने गुंता वाढला, कारण वरचं कुठलं हे पुन्हा कुणीतरी ठरवायचं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड. बेरजेत माणूस हरवतो. एका माणसाने आज दात काढण्याचं दुःख सोसून उद्याचं सुख मिळवलं तर हिशेब जमतो, कारण दुःखही त्याचं आणि सुखही त्याचंच. पण दात माझा काढायचा आणि आराम तुम्हाला, हा हिशेब तसाच कसा जमेल? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये हेच मांडलं, की हा वाद माणसामाणसांतलं वेगळेपण मनावर घेत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९०८ साली, गांधीजींनी रस्किनच्या पुस्तकाचा गुजरातीत सारांश केला आणि त्याला नाव दिलं ‘सर्वोदय’. पुष्कळांचं नव्हे, सर्वांचं भलं. एक्कावन्नांसाठी एकोणपन्नासांचा बळी देणारा विचार त्यांना निर्दय वाटत होता. हेच गांधीजी डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाला कुठे आले होते? फैजपूरला. जिथे मोजणीवरून धरपकड झाली, तिथेच.

आता हे सगळं एका खऱ्या प्रकरणावर घासून पाहू. तेही आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १९९८ मध्ये.

सरदार सरोवर. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आला १९७९ साली. फायद्याच्या बाजूला काय आहे? गुजरातमध्ये सुमारे १८ लाख हेक्टर सिंचन, कच्छ-सौराष्ट्रापर्यंत पिण्याचं पाणी, १४५० मेगावॉट विजेची क्षमता आणि तिच्यात महाराष्ट्राचा २७ टक्के वाटा. हे फायदे खोटे नाहीत. कच्छमधल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा हेसुद्धा दुःखच आहे, आणि ‘प्रत्येकी एक’ म्हटलं की तिलाही मोजावं लागतं. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावं. पाण्यात जाणारं पहिलं गाव मणिबेली.

बेरीज केली तर कोणती बाजू जड? बहुतेक लोक इथे थांबतात आणि म्हणतात, झालं, उपयुक्ततावाद म्हणजे गरिबाचा बळी. मला वाटतं, थोडं थांबावं. आधी विचारावं की बेरीज बरोबर तरी केली होती का? सातपुड्यातल्या कितीतरी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन त्यांच्या नावावर नव्हती. वनखात्याच्या दप्तरी ते अतिक्रमण. सातबारावर नाव नाही, म्हणजे मोजणीत माणूस नाही. मोहाची फुलं, नदीतले मासे, गुरांचा चारा, यांची पावती कुठे असते? १९९२ साली जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने सांगितलं की आहे त्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन शक्य दिसत नाही, बँकेने मागे सरावं. १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज घेणं थांबवलं. इथपर्यंतची तक्रार सच्चा उपयुक्ततावादीसुद्धा करेल. तो म्हणेल, हिशेब चुकला, नीट करा.

पण समजा, हिशेब नीट केला. मोहाचं झाडसुद्धा धरलं. आणि तरीही बेरीज धरणाच्याच बाजूने आली. मग?

खरी फारकत इथे होते. आणि गंमत बघा, लवादाने स्वतःच एक अट घातली होती : ज्याची चतुर्थांशाहून जास्त जमीन जाईल त्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरून, आणि तीही पाणी चढण्याच्या आधी. ही अट बेरजेतून निघत नाही. एकूण फायदा कितीही असो, याचं देणं आधी द्या, असं ती म्हणते. म्हणजे निवाड्यातच तिसरा आक्षेप मान्य झाला होता. सज्ञान मुली मात्र त्या मोजणीतही नव्हत्या. आणि मणिबेलीपासूनचा सगळा झगडा पाहा, तो बराचसा ही कागदावरची अट जमिनीवर उतरावी यासाठीच होता. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने. तिथेही एक न्यायमूर्ती वेगळे राहिले.

आत्ता एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘सर, मग धरणं बांधायचीच नाहीत का? आपण सगळे धरणाचंच पाणी पितो.’

अगदी बरोबर. जळगावकर वाघूरचं पाणी पितात, भुसावळला हतनूर आहे. त्या प्रत्येक भिंतीमागे कुणाची तरी शेतं पाण्याखाली आहेत. म्हणून मी इथे उभा राहून धरण नको म्हटलं तर ते ढोंग होईल. माझं म्हणणं एवढंच : ‘किती जणांचं किती भलं’ हा प्रश्न जरूर विचारा. तो न विचारणारं सरकार लहरीवर चालतं. पण तो एकटा प्रश्न निकाल देऊ शकत नाही. त्याच्याबरोबर आणखी दोन विचारावे लागतात. ज्याच्या वाट्याला नुकसान येणार आहे, तो मोजणीच्या वेळी हजर होता का? आणि बेरीज काहीही आली तरी त्याचं काय काढून घ्यायचं नाही, हे आधी ठरलं होतं का?

सावद्याच्या शेतकऱ्यांनी हे नीतिशास्त्राच्या भाषेत मांडलं नाही. त्यांनी मोजणी अडवली. त्यांची साऱ्याबद्दलची भीती बरोबर होती की चूक, यावर इतिहासकार वाद घालोत. पण मोजणीला येताना आम्हाला विचारून या, ही मागणी चूक नव्हती. उद्या आपल्या भागात एखादा रस्ता, कालवा, कारखाना येईल आणि कुणीतरी फायद्याचे आकडे फळ्यावर लिहील. ते आकडे वाचा, खोडून काढू नका. फक्त त्या फळ्यावर कुणाचं नाव नाही, ते शोधा.