मस्टरवर नाव कोणाचं?

मृगाचा पाऊस आला, वारा सुटला, की आपल्या गावची लाइन जाते. कळंब असो, घाटंजी असो की झरी-जामणी, सगळीकडे तीच गत. मग कोणीतरी फोन लावतं आणि थोड्या वेळानं कळतं, वायरमन डीपीवर आला आहे. आपल्या लेखी तो वीज कंपनीचा माणूस. पण त्याला विचारलं, "भाऊ, तुम्ही नेमके कोणाचे?" तर उत्तरं वेगवेगळी मिळतात. एक जण कंपनीचा कायम तंत्रज्ञ असतो. दुसरा विद्युत सहाय्यक, म्हणजे ठरावीक मानधनावर तीन वर्षं काढून मग कायम होणारा. तिसरा कंत्राटदाराकडून आलेला. मीटरचं रीडिंग घेणारा पोरगा एजन्सीचा, आणि कुठे ग्रामपंचायतीनं नेमलेला ग्राम विद्युत व्यवस्थापक. उजेड एकच, पण तो आणणाऱ्यांचे मस्टर वेगवेगळे.

आता युनियन पगारवाढीचा करार करायला बसते, तेव्हा ती यातल्या कोणाकोणासाठी बोलते? कामगार म्हणून कोणाला मोजायचं? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. हा प्रश्न दूरचा नाही. खांबावर चढणारा कोणाचा तरी नवरा असतो, कोणाचा लेक असतो. आयटीआय झालेल्या आपल्या मुलीही आता हे काम करू लागल्या आहेत. आणि रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बाईला मस्टरचं मोल काय, हे नव्यानं सांगायला नको. मस्टरवर नाव नाही, तर दिवसभर उन्हात खोदलेली माती आपली नाही.

सुरुवात नागपूर-वर्ध्यापासून करू. सरकारी वीज मंडळ येण्याआधी शहरांत खाजगी वीज कंपन्या होत्या. नागपुरात नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी होती, तिचं काम वर्ध्यातही चाले. आपला भाग तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता आणि इथे १९४७ सालचा वेगळा औद्योगिक तंटे निवारण कायदा लागू होता. त्या कायद्याखाली कंपनीनं नोकरीचे नियम केले. नियमांत 'कर्मचारी' कोण, ते लिहिलं होतं. ऑफिस, स्टोअर, पॉवर हाऊस अशा विभागांत काम करणारे, स्त्री असो की पुरुष, पण ज्यांचं नाव आणि तिकीट नंबर विभागाच्या मस्टरवर आहे, ते सगळे.

मग वाद उभा राहिला. ज्याला तिकीट दिलेलंच नाही, त्याला हे नियम लागू होतात की नाही? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५८ साली न्यायालयानं सांगितलं की नियम सगळ्याच कर्मचाऱ्यांना लागू, तिकीट असो वा नसो. त्या नियमांत हक्क होते, तशी नोटीस देऊन कामावरून कमी करण्याची कलमंही होती. तेव्हा आत मोजलं जाणं म्हणजे नुसता फायदा असंही नाही. पण एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली. कामगार कोण, हे एका तिकिटावरून ठरत नाही.

देशाच्या पातळीवर १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. त्यात सुरुवातीला अंगमेहनतीचं आणि कारकुनी काम करणारे तेवढे कामगार धरले होते. १९५६ च्या दुरुस्तीनं तांत्रिक काम करणारे आणि देखरेख करणारेही आले. मात्र देखरेख करणाऱ्याला पगाराची मर्यादा घातली. महिना ५०० रुपयांच्या वर पगार गेला, की तो कामगार नाही. ही मर्यादा पुढे १,६०० झाली, २०१० मध्ये १०,००० झाली. व्यवस्थापन करणारा साहेब तर पहिल्यापासून बाहेरच. कारण सरळ आहे. जो रजा मंजूर करतो, चौकशी लावतो, तोच युनियनच्या बैठकीत बसला तर माणसं मोकळेपणानं बोलणार कशी? पण वीज खात्यात ही रेघ ओढणं सोपं नाही. कनिष्ठ अभियंता दहा जणांवर देखरेख करतो आणि रात्री बिघाड झाला तर स्वतःही लाइनवर जातो. म्हणूनच या क्षेत्रात कामगारांच्या युनियन वेगळ्या आणि अभियंत्यांच्या संघटना वेगळ्या वाढल्या.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. मंडळानं खेडोपाडी खांब नेले. मंडळ सरकारी, मग तिथले लोक कारखान्यातल्या कामगारांसारखे कामगार आहेत का, असा प्रश्न अशा सगळ्याच संस्थांबाबत निघत असे. त्याचं मोठं उत्तर १९७८ साली बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात मिळालं. सात न्यायमूर्ती बसले होते आणि मुख्य निकाल न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिला. मालक आणि कामगार मिळून पद्धतशीर काम करतात, लोकांना सेवा किंवा वस्तू देतात, तर तो उद्योगच. नफा कमावता की नाही, हा प्रश्नच नाही. पाणी देणारा माणूसही कामगार ठरला.

आता बोलणी कोणी करायची ते पाहू. आपल्या राज्यात १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा झाला. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ज्या युनियनकडे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद आहेत, ती औद्योगिक न्यायालयात मान्यता मागू शकते. इथे गोम आहे. ३० टक्के, पण कशाचे?

समजा, एका ठिकाणी १०० कायम कामगार आहेत आणि युनियनचे ३६ सभासद. झाले ३६ टक्के, मान्यता मिळू शकते. आता तिथेच राबणारे ६० कंत्राटी कामगार मोजणीत धरले, तर एकूण झाले १६०. त्यातले ३६ म्हणजे साडेबावीस टक्के. मान्यता हुकली! म्हणून कंत्राटी माणसाला आत घ्यायचं की नाही, हा केवळ मालकाशी वाद नसतो. कधी कधी जुन्या युनियनलाही भीती वाटते. आपल्या बचत गटात नवीन बाया घ्यायच्या म्हटलं की जुन्या सभासद जरा दबकतात ना, तसंच आहे हे. पण आत न घेतलं तर काय होतं? उद्या कायम माणसं निवृत्त होतात, त्यांच्या जागी कंत्राटी येतात आणि युनियनचे सभासद वर्षागणिक कमी होतात. बाहेर ठेवलेली माणसंच मग संपात मालकाच्या कामी येतात.

कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा केंद्राचा कायदा होता. तो २० किंवा जास्त कामगार असलेल्या कंत्राटदारांना लागू. पळवाट लगेच सापडली. मुंबई महापालिकेत कचरा उचलण्याचं काम लहान लहान कंत्राटदारांना वाटलं गेलं आणि प्रत्येकाकडे माणसं विसापेक्षा कमी. कागदोपत्री कायदाच लागू नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं लढा दिला. अखेर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल टिकला. त्यानंतरही अनेकांची नावं कागदांवर नीट जुळत नाहीत म्हणून काम रखडलं. आडनावातली एक वेलांटी माणसाला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवते, हे लक्षात असू द्या.

सर्वांनाच असा निकाल मिळाला नाही. २००१ साल कंत्राटी कामगारांना जड गेलं. सिप्ला कंपनीत सफाई करणाऱ्यांच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की कंपनी जर 'हे आमचे कामगारच नाहीत' म्हणत असेल, तर १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. आधी दुसऱ्या ठिकाणी जाऊन आपण कोणाचे ते सिद्ध करा. त्याच वर्षी ३० ऑगस्टला स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की कंत्राट पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत. पण एक दार उघडं राहिलं. कंत्राट जर नुसतं दाखवायचं, खोटं असेल, तर तो माणूस मूळ कंपनीचाच. अशा वेळी काम कोण सांगतं, देखरेख कोणाची, पैसा शेवटी कोणाच्या खिशातून येतो, हे तपासलं जातं.

२००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. वीज तयार करणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण, घरोघरी देणारी महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी. पुढे जानेवारी २०२३ मध्ये खाजगी कंपनीला समांतर वीज वितरणाचा परवाना देण्याच्या प्रश्नावरून राज्यभर संप झाला. तीसहून जास्त संघटना एका संघर्ष समितीत आल्या. त्यात कर्मचारी, अधिकारी, अभियंते आणि कंत्राटी कामगारही होते. ७२ तासांचा संप ठरला होता, पण पहिल्याच दिवशी सरकारशी चर्चा होऊन तो मागे घेतला गेला. कायद्याच्या कागदावर हे सगळे वेगवेगळ्या खणात बसतात. पण एकत्र उभं राहायचं म्हटलं तेव्हा त्यांनी खण बघितले नाहीत.

आता हाच प्रश्न आपल्या दारात आणू. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई. काम सरकारचं, नोंदवह्या सरकारच्या, पण मिळतं ते मानधन, पगार नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी पद नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं अशा योजनांत काम करणाऱ्यांना कामगार मानावं, अशी शिफारस केली. आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये गुजरातच्या दाहोदमधल्या सेविकांच्या खटल्यात न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. म्हणजे एका कायद्यासाठी कर्मचारी, दुसऱ्यासाठी नाही. 'आत' आणि 'बाहेर' हे एकदाच ठरत नाही, प्रत्येक हक्कासाठी पुन्हा भांडावं लागतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. देखरेख करणाऱ्याच्या पगाराची मर्यादा आता १८,००० आहे. एकाहून जास्त युनियन असतील, तर ५१ टक्के सभासद असलेली एकच युनियन बोलणी करणार. कोणाकडेच तेवढे नसतील, तर २० टक्के असलेल्या युनियनची मिळून परिषद बसणार. कंत्राटी कामगारांचा नियम विसाऐवजी ५० पासून लागू होणार, म्हणजे छोट्या कंत्राटदाराकडची माणसं आणखी बाहेर पडणार. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी माणसं लावायची नाहीत, असंही त्यात आहे, पण त्याला अपवाद ठेवले आहेत. वीज कंपनीचं मुख्य काम कोणतं? खांबावर चढून तार जोडणं हे मुख्य काम नसेल, तर दुसरं कोणतं असेल, ते तुम्हीच सांगा.

मैत्रिणींनो, हा इतिहास आपल्याला दोन-तीन गोष्टी शिकवतो. घरातलं माणूस कंत्राटदाराकडे असेल, तर ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा नंबर, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. नाव आधार कार्डावर, पासबुकात आणि मस्टरवर एकसारखं आहे ना, ते आजच पहा. काम कोण सांगतं, कोणत्या तारखेला कुठे पाठवलं, हे एका वहीत लिहायला सांगा. आणि देव न करो, पण कामावर अपघात झालाच, तर 'तो आमचा नाही, कंत्राटदाराचा' एवढं ऐकून परत येऊ नका. ज्याचं काम चालू होतं, त्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते, हा नियम १९२३ च्या कायद्यापासून चालत आला आहे आणि आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मूळ मालकानं पैसे द्यावेत आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावेत.

गटाच्या येत्या बैठकीत एक करा. आपल्या गावात वीज, पाणी, सफाई, अंगणवाडी, शाळेतला पोषण आहार, ही कामं कोण कोण करतं, त्यांची यादी काढा. प्रत्येक नावापुढे लिहा, मस्टर कोणाकडे आणि पैसा कोणाकडून. ती यादी वाचून दाखवली की गावातले 'आतले' किती आणि 'बाहेरचे' किती, ते सगळ्यांच्याच ध्यानात येईल.