क्रमाचें बंधन

‘रामः वनं गच्छति’ या वाक्यांतील तीन पदें सहा प्रकारें मांडतां येतात, तरी अर्थ ढळत नाहीं. विभक्ति तो सांभाळते. संगणकाच्या व्याकरणकारांस मात्र ही मोकळीक महाग वाटली. लेखांची घडण सांगणारी एसजीएमएल ही आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषा १९८६ सालीं ठरली. तींत ग्रंथाचें नांव, कर्ता आणि साल हे घटक ‘&’ या चिन्हानें जोडले, कीं ते कोणत्याहि क्रमानें आले तरी चालत; मात्र तिन्ही आले पाहिजेत. नियम एका ओळीचा. पण प्रत्येक क्रम निराळा लिहूं गेल्यास पांच घटकांचे १२० आणि दहांचे ३६,२८,८०० होतात! १९९८ च्या एक्सएमएलनें तें चिन्हच गाळलें. वाचणारें यंत्र सोपें झालें, जाच लिहिणाऱ्याच्या वांट्यास आला. हा सौदा आम्हांस रुचत नाहीं. क्रम मोजावयाचे कशाला? आलेल्या घटकापुढें खूण करावी, तोच पुन्हा आल्यास हटकावें, शेवटीं कोण राहिलें तें पाहावें. लग्नघरचा कारभारी आमंत्रितांच्या यादीवर दुसरें काय करतो? जेम्स क्लार्क व मुराता माकोतो यांनीं २००१ सालीं रिलॅक्स एनजी रचली, तींत ही मोकळीक परत आली. एका गटाचे घटक दुसऱ्या गटांत मिसळून आले तरी तिला चालतात.