वगळलेला शेवट: 'फायनल डेस्टिनेशन' आणि चित्रपटसंहितेचा प्रश्न

एखाद्या कवितेचे दोन पाठ उपलब्ध असतील, तर आपण कोणत्या पाठाच्या आधारे बोलत आहोत हे सांगणे ही समीक्षकाची पहिली जबाबदारी मानली जाते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा दंडक सहसा पाळला जात नाही. चित्रपटगृहात दाखवली गेलेली प्रत हीच मूळ संहिता आणि घरी पाहण्यासाठी काढलेली कॅसेट वा तबकडी ही तिची सोयीची नक्कल, असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीतक किती डळमळीत आहे ते तपासण्यासाठी येथे मुद्दाम असे उदाहरण घेतले आहे, की ज्याची दखल घेणे गंभीर समीक्षेला फारसे प्रतिष्ठेचे वाटत नाही: जेम्स वाँग दिग्दर्शित 'फायनल डेस्टिनेशन' (२०००) हा किशोरवयीन पात्रांचा अतिमानुष भयपट आणि त्याच वर्षी अमेरिकेत निघालेली त्याची डीव्हीडी.

कथासूत्र थोडक्यात असे. एका शाळेतील विद्यार्थी न्यूयॉर्कहून पॅरिसच्या सहलीला निघाले आहेत. विमान सुटण्यापूर्वी अ‍ॅलेक्स ब्राउनिंग या मुलाला ते हवेत फुटल्याचे पूर्वदर्शन होते. त्याच्या आरडाओरड्यामुळे त्याच्यासह सात जण विमानाबाहेर राहतात आणि विमान खरोखरच फुटते. पुढे हे वाचलेले लोक एकेक करून मरू लागतात, तेही विमानात ज्या क्रमाने मेले असते त्या क्रमाने. ही कल्पना जेफ्री रेडिक यांची. 'द एक्स-फाइल्स' या दूरचित्रवाणी मालिकेच्या एखाद्या भागासाठी त्यांनी ती प्रथम योजली होती. वाँग आणि सहलेखक ग्लेन मॉर्गन हे दोघेही त्याच मालिकेतून आलेले.

'हॅलोविन' (१९७८) पासून 'स्क्रीम' (१९९६) पर्यंत अमेरिकन किशोर-भयपटाला एक मारेकरी लागत असे. त्याला मुखवटा असे, हातात सुरा असे, आणि शेवटी निदान तात्पुरता तरी त्याचा पाडाव होई. येथे मारेकरी नाहीच. ओली फरशी, तडा गेलेला मग, कपडे वाळत घालण्याची तार, स्वयंपाकघरातली सुरी एवढ्या सामग्रीवर मृत्यू आपले काम करतो. त्झ्वेतान तोदोरोव यांनी अद्भुताची व्याख्या वाचकाच्या दोलायमानतेवरून केली होती: घडले ते निसर्गनियमाने की त्यापलीकडच्या शक्तीने, याचा निर्णय होत नाही तोवरच अद्भुत टिकते. या चित्रपटाची कथा अतिमानुषाची ग्वाही लवकरच देऊन टाकते. परंतु प्रत्येक मृत्यू सुटा पाहिला तर तो केवळ अपघात असतो, आणि त्यामुळे प्रसंगांच्या पातळीवर ती दोलायमानता शिल्लक राहते. पात्रांची ब्राउनिंग, हिचकॉक, चेनी, लुटन ही नावे भयपटाच्या इतिहासातून उचललेली आहेत. त्यांतील लुटन हे नाव शिक्षिकेला द्यावे हे विशेष अर्थपूर्ण वाटते, कारण न दाखवता भिववण्याची रीत १९४२च्या 'कॅट पीपल'मध्ये निर्माता व्हॅल लुटन यांनीच रुजवली.

आता शेवटाकडे येऊ. प्रथम चित्रित झालेल्या शेवटात क्लिअर या मुलीला विजेच्या तारेपासून वाचवताना अ‍ॅलेक्स मरतो. तत्पूर्वी समुद्रकिनाऱ्यावर त्या दोघांच्या मीलनाचा प्रसंग असतो. पुढे क्लिअरला मुलगा होतो आणि त्याचे नाव अ‍ॅलेक्सच ठेवले जाते. नव्या जन्माने मृत्यूची साखळी तुटते, असा त्याचा अभिप्राय. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी-खेळांत प्रेक्षकांनी हा शेवट नाकारला. मग नवा शेवट चित्रित करण्यात आला: सहा महिन्यांनी अ‍ॅलेक्स, क्लिअर आणि कार्टर पॅरिसमधल्या एका कॅफेत बसले आहेत. कोसळणाऱ्या पाटीच्या मार्गातून कार्टर अ‍ॅलेक्सला बाजूला ढकलतो, 'आता पाळी कोणाची?' असे विचारतो, तोच मागून झोका घेत परतलेली पाटी त्याच्यावर येते आणि पडदा काळा होतो. मूल नाही म्हटल्यावर किनाऱ्यावरचा प्रसंगही निरर्थक ठरला, तोही गेला.

चित्रपटगृहात मार्च २००० मध्ये पोहोचली ती ही प्रत. सप्टेंबरमध्ये निघालेल्या डीव्हीडीवर मात्र वगळलेला शेवट आणि किनाऱ्यावरचा प्रसंग पाहायला मिळतात. शिवाय चित्रपटाबरोबर ऐकण्याजोगी तीन भाष्ये आहेत: एक दिग्दर्शक, लेखक व संकलक यांचे, दुसरे नटांचे, तिसरे संगीतकार शर्ली वॉकर यांचे. चाचणी-खेळांवर एक स्वतंत्र माहितीपटही आहे, म्हणजे पाठ का बदलला याचा वृत्तान्त पाठाच्या शेजारीच ठेवला आहे. भाष्य जोडण्याची प्रथा डीव्हीडीने शोधली नाही; १९८४ मध्ये 'किंग काँग'च्या लेझर-डिस्कवर रोनाल्ड हेवर यांचे भाष्य होतेच. परंतु ती महागडी डिस्क अभिजात चित्रपटांच्या रसिकांपुरती राहिली. डीव्हीडीमुळे हा मान शाळकरी मुलांसाठी काढलेल्या भयपटाला सहा महिन्यांत मिळाला.

मराठी अभ्यासकाला येथे भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होणे स्वाभाविक आहे. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना गणपती लेखनिक झाल्याची कथा मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. लोकमानसातला गणपती म्हणून काही हातातली लेखणी ठेवून उठला नाही. परिशिष्टात जाणे म्हणजे नष्ट होणे नव्हे, एवढ्यापुरते हे साम्य खरे. भेद अधिक महत्त्वाचा आहे. महाभारताचे पाठभेद अनेक प्रांतांतील लेखनिकांच्या हातून शतकानुशतके साचत गेले आणि संपादक त्यांच्या मागे प्राचीनतम पाठ शोधत गेला. येथे दोन्ही पाठ एकाच निर्मितिसंस्थेचे, एकाच वर्षातले, आणि 'वगळलेला' हा शिक्काच विक्रीचा माल. जेरार जनेत यांनी प्रस्तावना, मलपृष्ठ, टीपा यांना संहितेचा उंबरठा म्हटले होते. डीव्हीडीवर या उंबरठ्यावरच संहितेचा दुसरा देह ठेवलेला आढळतो.

दोन शेवटांपैकी अधिक योग्य कोणता? साहित्यसमीक्षेच्या संस्कारांत वाढलेला वाचक चटकन म्हणेल, की बाजाराने कलाकृतीचा बळी घेतला. मला ते पटत नाही. फ्रँक कर्मोड यांनी दाखवल्याप्रमाणे शेवट हा मागे वळून मधल्या सर्व घटनांना अर्थ देत असतो. या चित्रपटाचा मधला सारा भाग एका यादीवर उभा आहे, आणि यादीचा अर्थ पुढचे नाव शिल्लक असण्यातच असतो. आत्मबलिदान व पुनर्जन्म हा शेवट मेलोड्रामाचा आहे. त्याने यादी बंद होते आणि आधीच्या तासाभरातला निष्ठुर विनोद लटका ठरतो. प्रेक्षकांनी वाङ्मयप्रकार अचूक वाचला होता, असे म्हणावे लागते.

तरीही काहीतरी गमावले, हे नाकारता येत नाही. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूएचे ८०० क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुटले आणि २३० माणसे मेली. त्यांत पेन्सिल्व्हेनियातील माँटूर्सव्हिल येथील शाळेच्या फ्रेंच मंडळाचे सोळा विद्यार्थी होते. ही दुर्घटना आणि चित्रपटाचा आरंभ यांतले साम्य नजरेआड करण्याजोगे नाही. नाकारलेला शेवट कलादृष्ट्या कच्चा असला तरी त्यात शोकाला जागा होती; गेलेल्याचे नाव मागे राहिलेल्याला देणे हा शोकाचाच एक विधी आहे. नव्या शेवटात मेलेल्यांची आठवण नाही, पुढच्या क्रमांकाची उत्सुकता आहे. चौकशीविषयी मला तक्रार नाही, पण एवढा खर्च येथे झाला हे नोंदवायला हवे.

पुढचा इतिहास अधिक रंजक आहे. 'फायनल डेस्टिनेशन २' (२००३) मध्ये अ‍ॅलेक्स मधल्या काळात मेल्याचे कळते, म्हणजे पहिल्या पाठातले त्याचे मरण प्रेक्षकांच्या नकळत अंमलात येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शवागारातला ब्लडवर्थ तेथे सांगतो, की मृत्यूला हरवू शकतो तो केवळ नवा जीव. सारी धावपळ एका गर्भवतीला वाचवण्यासाठी होते. शेवटी तो तर्क चुकीचा ठरतो आणि 'नवा जीव' या शब्दांचा निराळाच अर्थ लागतो. हे आशयसूत्र पहिल्या चित्रपटाच्या प्रदर्शित प्रतीत कोठेही नाही. ते आहे वगळलेल्या शेवटात. दुसऱ्या चित्रपटाच्या कथेच्या श्रेयात रेडिक यांचे नाव असल्याने हा योगायोग मानण्याचे कारण दिसत नाही. ज्याने केवळ चित्रपटगृहातली प्रत पाहिली त्याला ब्लडवर्थचे वाक्य नवे वाटेल. ज्याच्या घरी डीव्हीडी होती त्याला ते ओळखीचे वाटेल. मालिकेची वंशावळ मांडायची तर दुसरा चित्रपट पहिल्याच्या मुख्य पाठापासून जितका निघतो, तितकाच त्याच्या परिशिष्टापासून निघतो.

तिसऱ्या चित्रपटाच्या (२००६) डीव्हीडीवर ही प्रक्रिया एका टोकाला गेली. काही प्रसंगी चित्र थांबते आणि प्रेक्षकाने रिमोटवरून दोहोंपैकी एक पर्याय निवडायचा असतो. सरळ रेषेत धावणाऱ्या व्हीएचएस फितीवर हे शक्यच नव्हते. त्यातले बहुतेक पर्याय मृत्यूची रीत किंवा केवळ तपशील बदलतात. मृत्यू क्वचितच टळतो. दोन विद्यार्थ्यांनी तीच तबकडी घरी पाहिली तरी त्यांनी तोच चित्रपट पाहिला असे सांगता येत नाही. आणि स्ट्रीमिंगवर सहसा एकच वाट मिळते, परिशिष्टाविना.