वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर

मांडव्याच्या किनाऱ्यावर उभें राहिलें असतां पाण्यापलीकडे मुंबई दृष्टीस पडते. इ. स. १९१४ मध्यें युरोपांत महायुद्ध पेटलें, तेव्हां त्याच बंदरांतून हिंदी शिपायांनीं भरलेलीं जहाजें फ्रान्सकडे निघालीं. परंतु मुंबईचा एक सुपुत्र त्या युद्धांत आकाशांत लढला, हें फार थोड्यांस ठाऊक आहे.

श्रीकृष्ण वेलिणकर यांचा जन्म १८९४ सालीं मुंबईस झाला. पुढें विद्याभ्यासासाठीं ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत गेले. हिंदी माणसास राजाची सनद मिळून लष्करी अधिकारी होतां येणें त्या काळीं जवळजवळ अशक्य होतें. तथापि १९१७ सालीं रॉयल फ्लाइंग कोअरनें ज्या मोजक्या हिंदी तरुणांस वैमानिक म्हणून घेतलें, त्यांत वेलिणकर, हरदित सिंग मलिक, एरॉल सेन व इंद्रलाल रॉय हे होते.

वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्यें सॉपविथ डॉल्फिन जातीचें एकट्यानें चालवावयाचें विमान चालवीत. त्यांत वैमानिकाचें डोकें वरच्या पंखाच्या चौकटींतून बाहेर राही. जीव वांचविण्यास पॅराशूटही ब्रिटिश वैमानिकांस दिलेलें नसे. २७ जून १९१८ रोजीं ते परत आले नाहींत. जखमी होऊन जर्मनांच्या हातीं सांपडलेले वेलिणकर ३० जूनला वारले. तेव्हां त्यांचें वय अवघें २३ होतें.

पुढच्याच महिन्यांत, ६ ते १९ जुलै या अवधींत, कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांनीं दहा हवाई विजय मिळविले. २२ जुलैला तेही धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हें पदक मिळालें.

वेलिणकरांच्या वांट्यास असें पदक आलें नाहीं. इतकेंच नव्हे, कांहीं काळ त्यांचें नांवही हरपलें. शत्रूनें त्यांस दफन केलें खरें, पण कबरीची नोंद ‘वुमकर’ अशी झाली. युद्धानंतर नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हां तो वुमकर म्हणजेच वेलिणकर हें उमगलें. आज फ्रान्समधील हांगार येथील स्मशानभूमींत त्यांच्या शिळेवर त्यांचें खरें नांव आहे.

ज्या घरचा माणूस परमुलखांत मातीआड झाला, त्या घरास कबरीवरील नांवाचें मोल सांगावयास नको. पुढें ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं हिंदी विमानदळ स्थापन झालें. आकाशाची जी वाट त्या दळानें धरली, ती या तरुणांनीं आधींच आपल्या प्राणांनीं मोकळी केली होती.