न दिसणाऱ्या दुखण्याचा इतिहास

‘डोकं दुखतंय’ हे वाक्य आपल्याकडे आजारापेक्षा सबब म्हणूनच अधिक प्रसिद्ध आहे. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. डोकेदुखी मात्र बहुधा कुठल्याच तपासणीत दिसत नाही. म्हणूनच अर्धशिशीनं हैराण होऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या बाईला ‘नाटकं करते’ असा शेरा ऐकावा लागतो. हे दुखणं खरं आहे, हे वैद्यकशास्त्राला पटलं ते मुख्यतः औषधांमुळे. बहुतेक आजारांत आधी कारण कळतं आणि मग औषध शोधलं जातं. इथे मात्र औषध आधी हाती आलं आणि कारण मागाहून उलगडलं.

दुसऱ्या कुठल्याही आजारामुळे नव्हे, तर स्वतःच आजार म्हणून येते ती प्राथमिक डोकेदुखी. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिला ताणाच्या डोकेदुखीचा. यात डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. दुसरा अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं ही तिची लक्षणं. तिसरा ‘क्लस्टर’ डोकेदुखीचा. हा विरळा, पण भयंकर. एकाच डोळ्यामागे असह्य कळ येते, त्या डोळ्यातून पाणी वाहतं आणि माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालत सुटतो.

ही वर्गवारी अगदी नवी नाही. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे अकरा प्रकार दिले आहेत आणि त्यांत ‘अर्धावभेदक’ आहे. ग्रीक वैद्य गॅलेननं अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला दिलेल्या ‘हेमिक्रेनिया’ या नावावरूनच ‘मायग्रेन’ शब्द आला. पण जगभरच्या डॉक्टरांना मान्य होईल अशी निदानाची पद्धतशीर यादी तयार व्हायला 1988 साल उजाडावं लागलं. डेन्मार्कचे येस ओलेसेन त्या समितीचे अध्यक्ष होते.

औषधांची कहाणी सुरू होते ती एका बुरशीपासून. बाजरीच्या कणसावर चिकट, मधासारखा द्रव आला की आपला शेतकरी ‘अरगट पडला’ म्हणतो. तिचीच एक चुलत बहीण युरोपात राय नावाच्या धान्यावर वाढते. मध्ययुगात असं धान्य खाऊन हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडून गावंच्या गावं आजारी पडत. स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीत आर्थर स्टोल यांनी 1918मध्ये याच विषातून अरगोटामिन वेगळं केलं आणि काही वर्षांतच ते अर्धशिशीवर वापरलं जाऊ लागलं. 1938मध्ये अमेरिकेत ग्रॅहॅम आणि वुल्फ यांनी रुग्णाच्या कानशिलावरच्या रक्तवाहिनीचे ठोके नोंदले. अरगोटामिन दिल्यावर ठोक्यांचा जोर कमी होत गेला आणि त्यासोबत दुखणंही ओसरलं. फुगलेल्या रक्तवाहिन्या हेच अर्धशिशीचं कारण, असा सिद्धान्त मग पुढची अनेक दशकं टिकला.

पण अरगोटामिन शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळत होतं, आणि हाच त्याचा धोका होता. सेरोटोनिन हे शरीरातलंच रसायन शिरेतून दिलं तर अर्धशिशी थांबते, असं 1960च्या दशकात दिसून आलं होतं. मात्र त्याचे दुष्परिणाम फार होते. फक्त डोक्यातल्या रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध मिळावं, म्हणून ब्रिटनमध्ये ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972पासून काम केलं. त्यातून सुमाट्रिप्टान आलं आणि 1991मध्ये ते बाजारात उतरलं. वर्षानुवर्षं दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या अनेकांना दोन तासांत आराम मिळू लागला. हृदयविकार असलेल्यांना मात्र हे औषध चालत नाही.

दरम्यान, 1990मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांना अर्धशिशीचा झटका चालू असताना मानेच्या शिरेतल्या रक्तात ‘सीजीआरपी’ हे प्रथिन वाढलेलं आढळलं. ते बाहेर पडतं चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंमधून. म्हणजे मूळ कारण रक्तवाहिन्या नसून मज्जातंतू होते. नाटक म्हणून हिणवल्या गेलेल्या दुखण्याची रक्तात मोजता येईल अशी खूण सापडली होती. या प्रथिनाचं काम रोखणारं पहिलं इंजेक्शन, एरेन्यूमॅब, अमेरिकेत 2018मध्ये मंजूर झालं. ओलेसेन, गोड्सबी, एडविन्सन आणि मायकेल मॉस्कोविट्झ यांना 2021मध्ये या संशोधनासाठी ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं.

झटके येऊच नयेत म्हणून देतात ती औषधं तर बऱ्याचदा योगायोगानंच सापडली. प्रोप्रानोलॉल हे हृदयाचं औषध. ते घेणाऱ्यांची अर्धशिशी कमी झाल्याचं 1966मध्ये नोंदलं गेलं. ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध. 1964मध्ये ते सततच्या ताणाच्या डोकेदुखीवर उपयोगी ठरलं. क्लस्टरच्या वेदनेवर तर चक्क ऑक्सिजन चालतो. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर 78 टक्के झटके पंधरा मिनिटांत आटोक्यात आले; साध्या हवेनं फक्त 20 टक्के.

या इतिहासात एक इशाराही आहे. अरगोटामिन वारंवार घेणाऱ्यांचं डोकं औषधामुळेच दुखत राहतं, हे 1951मध्येच लक्षात आलं होतं. आज आपल्या घरोघरी हेच घडतं, फक्त गोळी वेगळी असते. पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ चाललं तर गोळीच दुखण्याचं कारण होऊ शकते. औषधाच्या दुकानातून परस्पर पाकीट आणणाऱ्यांनी कॅलेंडरवर गोळीच्या दिवसाला खूण करून पाहावी. अचानक उठलेली प्रचंड कळ, ताप, बोलण्यात अडखळ, हातापायांत दुबळेपणा किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी असेल, तर गोळी शोधत न बसता तडक डॉक्टरांकडे जावं.

आणि घरातलं कुणी पडदे ओढून निजलं असेल, तर खरं-खोटं करण्याआधी दिवा मालवावा आणि टीव्हीचा आवाज कमी करावा. दुखणं खरं आहे, हे आता सिद्ध झालेलं आहे.