खंबायतचा अकीक

दख्खनच्या ज्या काळ्या कातळावर आपली शेते, आपले गड आणि आपली लेणी आहेत, तो कातळ सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचा असून, तो थिजत असताना आतील वायूंच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या मागे ठेवल्या, त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर साचत गेले आणि कालांतराने आपल्या परिचयाच्या गारगोट्या, अकीक आणि सुलेमानी दगड सिद्ध झाले. भोवतालच्या कातळाची माती झाली तरी या गाठी झिजल्या नाहीत. नद्यांनी त्या उकरून काढल्या, एकमेकींवर आपटवल्या आणि त्यांचे वाटोळे गोटे करून आपल्या काठाकाठाने पसरून दिले. नर्मदेच्या आणि गोदावरीच्या वाळवंटात मुले आजही ते वेचतात. परंतु नदीने दिलेला गुळगुळीतपणा ओला असेपर्यंतच शोभतो; गोटा सुकला की त्याचे तेज मावळते. त्याला कायमची जिलई यावी म्हणून मनुष्याने नदीचे हे काम घरात आणले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते निष्ठेने चालविणाऱ्या गावांत महीच्या मुखाशी वसलेल्या खंबायतचे, म्हणजे आजच्या खंभातचे, नाव पहिले घ्यावे लागते.

या व्यवसायाची मुळे खंबायत शहराहूनही पुष्कळ जुनी आहेत. तेथून फार दूर नसलेल्या लोथल या हडप्पाकालीन गावी एस. आर. राव यांनी 1955 पासून जे उत्खनन केले, त्यात मणी घडविण्याचा एक कारखानाच उजेडात आला. इराकमधील उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत लिओनार्ड वुली यांना तांबड्या अकिकाचे जे लांबट मणी सापडले, तेही सिंधू संस्कृतीच्या कारागिरांच्या हातचे असल्याचे तज्ज्ञ मानतात. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरचा दगड तैग्रिस-युफ्रेटिसच्या तीरावरील राण्यांच्या गळ्यात रुळत होता.

महाराष्ट्राचा या व्यापाराशी असलेला संबंधही असाच पुरातन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेचा अज्ञात कर्ता भडोच बंदराच्या निर्यातीचे वर्णन करताना सांगतो, की तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर आहे, आणि रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून गाड्या भरभरून पैठणचे पट्टेदार दगड आणि तगरचे कापड भडोचेस उतरते. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. सातवाहनांच्या काळी सह्याद्रीचे घाट उतरून गेलेल्या त्या गाड्यांचे चाकोरे केव्हाच बुजले. पण रोमन धनिकांच्या अंगठ्यांत आणि पेल्यांत जो दगड मिरवला, त्यातला काही तरी भाग मराठवाड्याच्या मातीतला होता, एवढे त्या खलाशाच्या साक्षीने निश्चित होते.

खंबायतचा मुख्य पुरवठा मात्र नर्मदेच्या दक्षिणेस, पूर्वीच्या राजपिपला संस्थानातील आणि आताच्या भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून येई. तेथे भिल्ल मजूर टेकडीच्या पोटात उभे खड्डे खणीत, तळाशी गेल्यावर आडवी भुयारे काढीत, आणि पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरले की पुढच्या हंगामापर्यंत काम बंद ठेवीत. जवळचे लिमोदरा हे गाव या दगडांसाठी इतके प्रसिद्ध होते, की सोळाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने त्याची मुद्दाम नोंद केली. याच डोंगरावर बाबा घोर यांचा दर्गा आहे. हबसाणातून आलेल्या या सिद्दी पुरुषास कोणी फकीर म्हणतात, कोणी व्यापारी. अकिकाचे कारखाने त्यांनीच भरभराटीस आणले अशी परंपरागत समजूत असल्याने सिद्दी समाज आणि अकिकाचे कारागीर असे दोघेही त्यांना आपले मानतात. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा पूर्णपणे उतरो वा न उतरो, आफ्रिकेचा किनारा आणि हा डोंगर यांच्यामधील दळणवळण मात्र निखालस खरे होते.

खाणीतून निघालेला दगड बहुधा मळकट पिवळट असतो. त्याचा तांबडा रंग हा अग्नीचा प्रसाद होय. जेम्स कँबेल यांच्या संपादनाखाली 1880 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये ही सारी क्रिया तपशिलाने नोंदलेली आहे. दगड प्रथम उन्हात पसरून वरचेवर उलटे-पालटे करावयाचे, मग मडक्यांत भरून ती मडकी उपडी मांडावयाची आणि त्यांवर शेळ्यांच्या लेंड्यांचा विस्तव संध्याकाळी पेटवून तो रात्रभर धुमसत ठेवावयाचा, असा क्रम असे. दगडातील लोहाचे रूपांतर होऊन सकाळी तोच पिवळा गोटा रक्तवर्ण झालेला दिसे. आच चढली तर दगड तडके, आणि उतरली तर रंग फिका राही. म्हणून हे काम अनुभवी हातांकडेच असे.

पुढे हा माल खंबायतेस येई. तेथील घडणारा जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी पहारेच्या टोकास दगड टेकवी आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने त्यावर अलगद टोले देई. घाव वरून बसे, पण कपचा मात्र पहारेच्या टोकापाशी उडे, आणि अशा शेकडो टोल्यांनंतर ओबडधोबड गोट्यातून मण्याचा आकार डोकावू लागे. भोके पाडणारा वेगळा. त्याच्या सामत्याच्या टोकास हिऱ्याच्या बारीक कण्या बसविलेल्या असत, आणि भोकावर पाण्याची धार सतत ठिबकत राही. घासणारा त्याहून वेगळा. तो लाख आणि कुरुंद यांच्या साणेवर मण्याचे कंगोरे मोडून काढी.

शेवटची जिलई देण्याची रीत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुमारे दोन फूट लांबीच्या चामड्याच्या पिशवीत शेकडो मणी, कुरुंदाची भुकटी आणि अकिकाचाच वस्त्रगाळ चुरा घालून तिचे तोंड आवळीत, तिच्या मध्यावर चामड्याचा पट्टा गुंडाळीत, आणि खोलीच्या दोन टोकांस समोरासमोर बसलेली दोन माणसे तो पट्टा आलटून पालटून आपल्याकडे ओढीत. ताक घुसळणाऱ्या रवीच्या दोरीप्रमाणे ती पिशवी इकडून तिकडे लोळत राही. चामडे कोरडे पडू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडीत. आणि दहा ते पंधरा दिवस हा क्रम चालला की मणी मण्यावर घासून आरशासारखे चकचकीत होत. नदीला ज्यास युगे लागतात ते काम येथे एका पंधरवड्यात उरके, आणि तत्त्व मात्र तेच: पाणी, वाळू आणि अविरत घर्षण.

अशा मालावर ज्यांची सत्ता, त्यांना महसूलही मिळे. खंबायतेस नवाबाचा अंमल होता, परंतु अठराव्या शतकात तेथील उत्पन्नावर पेशव्यांचा चौथाईचा हक्क बसला होता. 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह झाला आणि हा हक्क इंग्रजांकडे गेला. आखातात गाळ साचून बंदर निकामी होत गेले, तसतसा माल मुंबईमार्गे अरबस्तान, चीन आणि युरोपकडे जाऊ लागला. इतक्यात नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला. जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन या गावच्या कारागिरांना एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचा मुबलक अकीक मिळू लागला, आणि पाण्याच्या चाकांवर फिरणाऱ्या प्रचंड साणांपुढे पालथे पडून ते आफ्रिकेच्या बाजारासाठी मणी घासू लागले. खंबायतेचा धंदा त्यामुळे आटला, पण बुडाला नाही. त्याची कला यंत्रात नव्हती, ती घराघरांत वाटलेली होती.

यंत्र तेथेही आलेच. चामड्याच्या पिशवीची जागा विजेवर फिरणाऱ्या पिंपाने घेतली, आणि त्यात वाईट काहीच झाले नाही. दोन माणसांचे बाहू मोकळे झाले आणि काम पूर्वीप्रमाणे ओलेच राहिले. अनर्थ झाला तो त्याआधीच्या पायरीवर. विजेच्या मोटारीवर गरगरणाऱ्या कुरुंदाच्या साणेवर दगड कोरडाच धरला, म्हणजे सिलिकेची अदृश्य धूळ उडते, श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन रुतते आणि सिलिकोसिस हा असाध्य विकार जडवते; शिवाय अशा रोग्यास क्षयाची बाधाही लवकर होते. घासणी बहुधा राहत्या घरातच चालत असल्याने जे साणेला हातही लावीत नाहीत, त्या बायकामुलांच्याही वाट्यास ही धूळ येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या या कारागिरांची पाहणी करून हा धोका कधीच निदर्शनास आणून दिला आहे.

प्राचीनतेचा गौरव करताना आपण पैठणच्या गाड्या आणि उरच्या राण्या आठवतो, आणि ते योग्यच आहे. खंबायतच्या अकिकास भौगोलिक मानांकनाचा मानही मिळाला आहे. परंतु ज्या परंपरेचा एवढा अभिमान बाळगावयाचा, ती चालविणारा मनुष्य अकाली खोकत मरत असेल, तर मानांकनाचे ते प्रमाणपत्र अपुरे आहे. उपाय अज्ञात नाहीत: साणेवर पाण्याची धार सोडावी, धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवावी, आणि घासणीची जागा राहत्या घरापासून वेगळी करावी. या सर्वांस खर्च येतो. तो मण्याच्या किमतीत धरला गेला पाहिजे, आणि तो मणी विकत घेणाऱ्या आपणा सर्वांनी तो कुरकुर न करता दिला पाहिजे.